झुंबरबाईची पाचवी गारगोटी

शेगावच्या स्टेशनाच्या पल्याड, रुळांना लागून, एक जिन होतं. जिन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या, तो कारखाना. महाराष्ट्राचं राज्य होऊन चारेक वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. एका लांब पत्र्याच्या छपराखाली चोवीस रेचे ओळीनं मांडलेले. रेचा म्हणजे सरकी काढायचं यंत्र. खाली एकच दांडा फिरायचा, त्यावरून पट्टे, आणि भोंगा झाला की चोवीसच्या चोवीस रेचे एका दमात खडखडायला लागायचे. त्या खडखडाटात दिवसभर उभं राहून हातानं कापूस घालत राहायचा. दोन घंटे उभं राहून दाखवा, मग पुढं बोलू.

सतराव्या रेच्यावर झुंबरबाई असायची. सुलतानपूरच्या माळ्याची लेक, शेगावच्या अर्जुनरावांना दिलेली. अर्जुनरावांचं अर्ध्या एकराचं वांग्या-मेथीचं वावर होतं आणि छातीत दमा होता. वावर जेवढं द्यायचं तेवढं दमा खायचा. दोन पोरी होत्या, त्यांना शाळेत घातलेलं. म्हणून झुंबरबाईनं पदर खोचला आणि जिनात नाव घातलं. तोंडानं फटकळ, हातानं चपळ, आणि मनानं अशी भित्री, की मांजर आडवं गेलं तरी वाट बदलून जिनात यायची. ह्या तिन्ही गोष्टी एकाच बाईत कशा राहत होत्या, देवाला ठाऊक.

नाव घातलं म्हटलं खरं, पण जिनात नाव कोणाला होतं? मुकादम रंगराव ओळीतून फिरायचा आणि ओरडायचा, "ए सतरा, हात चालव बे! ए नऊ, झोपली काय?" बाईमाणसाला 'बे' म्हणणारा माणूस. त्याचंही काय चुकलं म्हणा, तेव्हाचे मॅनेजरसाहेब त्यालासुद्धा "ए टोपी" म्हणूनच हाका मारायचे. वरून जे सांडायचं ते तो खाली ओतायचा.

त्या जुन्या साहेबांच्या वेळचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. झुंबरबाईच्या शेजारी, सोळा नंबरला, पंचफुला होती. एका दुपारी ती किंचाळली, "ठिणगी! ठिणगी पडली!" जिनात ह्या शब्दाला सगळे भितात. कापसात खडा आला, खिळा आला, आणि रेच्याच्या पात्यावर घासला की ठिणगी उडते. ती रुईत गेली की दिसत नाही. रुई गाठीत दाबली जाते, आणि ठिणगी आत गुपचूप धुमसत बसते. दोन दिवसांनी, चार दिवसांनी गोदामच्या गोदाम पेटतं. तर साहेबांनी रेचे थांबवले, ढीग उपसले, काही निघालं नाही. मग पंचफुलाला सगळ्यांसमोर अंगणात उभं केलं आणि जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. तिला फाटकाबाहेर काढली ती काढलीच. पुढं ती स्टेशनाबाहेर बोरं विकायला बसायची.

बाकीच्या तेवीस जणी काय शिकायचं ते शिकल्या. पुढच्याच हंगामात एक गोदाम जळालं. जिनाचे मालक शेठजी, त्यांनी एकेकीला विचारलं. एकीनंही काही पाहिलेलं नव्हतं.

त्या आगीनंतर जुने साहेब गेले आणि नीळकंठराव बिडवई आले. मेहकरकडचे, मास्तराच्या घरातले, किडकिडीत, सायकलवरून येणारे. पहिल्याच आठवड्यात वही घेऊन ओळीतून फिरले आणि प्रत्येकीला म्हणाले, "बाई, तुमचं नाव काय?"

अवं बाप्पा! जिनात कालवा झाला. साहेबानं नाव लिहून नेलं म्हणजे काम गेलं, हे कोणाला सांगायला नको. अर्ध्या जणींनी खोटी नावं सांगितली. झुंबरबाईनं आपल्या नणंदेचं नाव ठोकून दिलं, सत्यभामाबाई. मग पंधरा दिवस असा तमाशा, की साहेब येऊन म्हणायचे, "सत्यभामाबाई, पट्टा सैल वाटतो का?" आणि झुंबरबाई आपली खाली मान घालून कापूस घालते आहे, जशी काही सत्यभामा रुक्मिणीशी भांडायला द्वारकेत गेली. शेवटी एक दिवस शेजारच्या, अठरा नंबरच्या विमलबाईला हसू आवरेना आणि भांडं फुटलं.

आता काम गेलंच, असं सगळ्या जणी धरून चालल्या. साहेब मात्र ती वही मिटून म्हणाले, "चूक माझी. नावं कशासाठी हवीत ते आधी सांगायला पाहिजे होतं. मला हाक मारायला हवीत, एवढंच." आणि दुसऱ्या दिवशी वही कोरी करून पुन्हा फिरले.

साहेब चूक माझी म्हणतो! त्या रात्री माळीपुऱ्यात दुसरा विषय नव्हता. अर्जुनरावांनी खोकत खोकत मत दिलं, "नवा हाय. जुना झाला का होईन सरळ." पण तो माणूस तसाच राहिला. मुकादमालासुद्धा "रंगराव" म्हणायला लागला. रंगरावांची पंचाईत झाली. साहेब रंगराव म्हणतो आणि आपण 'ए सतरा' म्हणतो, हे त्यांचं त्यांनाच कुठंतरी टोचायला लागलं असावं, कारण 'बे' तरी गेला.

आणि नीळकंठरावांनी एक शब्द दिला होता. "ठिणगी जिला दिसली तिनं ओरडायचं. ओरडणारीला कोणी काही बोलणार नाही. काही निघो न निघो." बायकांनी ऐकून घेतलं. "शब्दाले काय लागते," विमलबाई म्हणाली, "तोंडच तं उघडा लागते." सबंध हंगाम गेला, एकही जण ओरडली नाही.

आता पुढच्या हंगामाचा पहिला दिवस. कार्तिक लागला होता. वऱ्हाडात कापसाचा पहिला वेचा करायचा तेव्हा वेचणाऱ्या बायका धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पाच खडे मांडतात, हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा निवद दाखवतात. तिला सीतादही म्हणतात. झुंबरबाई लहानपणापासून आईबरोबर वेचायला जायची. सीतादही केल्याशिवाय कापसाला हात लावायचा, ही गोष्ट तिच्या बुद्धीत बसतच नव्हती. जिनात आल्यापासून दर हंगामाला, भोंग्याच्या आधी, ती रेच्याखाली जमिनीवर पाच गारगोट्या मांडायची आणि पाच मिनिटांत उचलून ओच्यात टाकायची. मुकादमाला पत्ता नाही, साहेबाला पत्ता नाही.

यंदा रेच्याखाली तेल सांडलेलं. तेलात देव कसा मांडायचा? इकडं तिकडं पाहिलं आणि रेच्याच्याच फळीवर, जिथून कापूस आत सरकवायचा तिथं, पाच गारगोट्या मांडल्या. कुंकू लावलं, पानावरचा दहीभात ठेवला, डोळे मिटले. आणि भोंगा झाला. त्या दिवशी दोन मिनिटं आधी झाला की हिचेच डोळे जास्त वेळ मिटलेले राहिले, ह्याचा निवाडा कोणी केला नाही. रेचा हादरला. झुंबरबाईनं झडप घातली. चार हातात आल्या. पाचवी आत गेली. खट्ट झालं, आणि पात्यावर एक पांढरी ठिणगी चमकली. गारगोटी ती, तिच्यावर लोखंड घासलं की दुसरं काय होणार? ठिणगी रुईबरोबर पुढं गेली आणि दिसेनाशी झाली.

ओरडायचं होतं. तोंड उघडलंही असेल. आवाज निघाला नाही.

सकाळभर ती कापूस घालत राहिली. हात चालत होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. तिला वाटायचं, नसेल पडली, डोळ्यापुढं चमकलं असेल. लगेच वाटायचं, पडली, मी पाहिली. पंचफुलानं नुसती पाहिली होती, तरी तिची ती गत झाली. आपण तर आपल्या हातानं खडे मांडले, तेही रेच्यावर! आपल्याला फाटकाबाहेर काढतील, पोरींची शाळा सुटेल, आणि आपण पंचफुलाच्या शेजारी बोराची पाटी घेऊन बसू. समोरून रुईचे भारे उचलून दाबायला जात होते आणि एकामागून एक गाठी बांधून बाहेर पडत होत्या. त्यातल्या एकीत आपली ठिणगी आहे, हे फक्त तिला माहीत होतं.

दुपारी जेवायची सुट्टी झाली. विमलबाईनं विचारलं, "भाकर काऊन नाई खात वं? जीव बरा नाई काय?" झुंबरबाई गोदामाकडं पाहत होती. गाठी बांधणारे मजूर लांबून यायचे आणि बायकामुलांसकट गोदामाच्या भिंतीला टेकून टाकलेल्या झोपड्यांत राहायचे. त्यातली एक बाळंतीण उन्हाला बसून लेकराला तेल चोळत होती आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. पाठीमागं भिंत, भिंतीपलीकडं गाठी. झुंबरबाईनं ते पाहिलं आणि भाकर फडक्यात गुंडाळून उठली.

ऑफिसच्या दारात रंगराव आडवे आले. "इकडं कुठं घुसून राह्यली, सतरा नंबर?"

"साहेबाले भेटाचं हाय."

"मले सांग."

"तुमाले नाई सांगत."

आतून नीळकंठराव म्हणाले, "येऊ द्या त्यांना, रंगराव. तुम्हीही या. बसा, झुंबरबाई."

ती बसली नाही. ओच्यातून चार गारगोट्या काढून टेबलावर ठेवल्या. प्रत्येकीवर कुंकवाचं बोट. नीळकंठरावांनी एक उचलून पाहिली. वऱ्हाडातलाच माणूस, त्याला काय सांगायला हवं होतं?

"सीतादही मांडली होती?"

"हाव."

"पाचवी?"

"रेच्यात गेली, साहेब. म्या फळीवर मांडल्या होत्या. माहीच चुकी. ठिणगी पाह्यली म्या, माह्या ह्या डोयानं पाह्यली."

"केव्हा?"

"सकायी. भोंगा झाला तवाच."

नीळकंठरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. साडेबारा. झुंबरबाईनं डोळे मिटून घेतले, कारण पुढचा प्रश्न तिला पाठ होता: मग आतापर्यंत तोंडात काय धरून बसली होतीस? तो प्रश्न आलाच नाही.

"ती रुई कोणत्या ढिगावर गेली, आठवतं का? घाबरू नका, आठवून सांगा."

ती रडायच्या बेतात होती, पण हे विचारलं म्हटल्यावर रडायला सवड कुठं? "डाव्या अंगाच्या," ती म्हणाली. "पयल्या ढिगावर. त्याच्या गाठी झाल्या असतीन."

"नऊ झाल्या," रंगराव म्हणाले. "साहेब, नऊच्या नऊ फोडता का काय? आज मुहूर्ताचा दिवस, संध्याकायी शेठजी येतीन अकोल्याहून परसादाले. वॅगन उभी हाय."

"फोडायच्या. आधी झोपड्यांतली माणसं हलवा, लेकरं-बाळंतीण पहिली. मग पाण्याच्या बादल्या."

रेचे थांबले. नऊ गाठी एकेक करून अंगणात ओढल्या. लोखंडी पट्टी तुटली की दाबलेली रुई फुगून वर यायची, आणि मग तिच्यात कोपरापर्यंत हात घालून ऊब लागते का ते चाचपायचं. झुंबरबाई सगळ्यांत पुढं. नीळकंठरावांनी कोट काढून सायकलवर टाकला आणि स्वतः हात घातले. पहिली गाठ, काही नाही. दुसरी, नाही. पाचवीला रंगरावांना ऊब लागली असं वाटलं, सगळे मागं सरले, ती त्यांच्याच अंगाची निघाली. विमलबाई हसली, बाकी कोणी हसलं नाही. सातवी, आठवी. उन्हं कलली तेव्हा नववी फुटली. वरून खालपर्यंत पांढरीशुभ्र, थंडगार रुई. डाग नाही, वास नाही. सरकीचा ढीगही उपसला. गारगोटीसुद्धा सापडली नाही.

"ठिणगी नव्हतीच," रंगराव कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "बाईले भास झाला असन."

चोवीस जणींना एकच आठवत होतं. ह्याच अंगणात, असंच काही न निघाल्यावर, पंचफुला उभी होती. झुंबरबाईनं कोणी न सांगता दोन पावलं पुढं येऊन मान खाली घातली. बोलून घ्या म्हणावं, एकदाचं होऊन जाऊ द्या.

नीळकंठराव रुईच्या ढिगावर मटकन बसले. आणि हसले. केसांत रुई, भुवयांवर रुई, आणि हा माणूस पोटभर हसतो आहे! "नाही निघालं," ते म्हणाले. "अहो बाई, काही नाही निघालं! केवढं बरं झालं!"

"साहेब, म्या उगाच तुमचा दिवस..."

"उगाच कसा? सकाळभर पाठीवर ओझं घेऊन तुम्ही एकट्या उभ्या होतात. ते माझ्या पाठीवर आलं आणि आता उतरलं. तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही सगळे आज त्या गाठींशेजारी झोपलो असतो." मग जरा दमानं म्हणाले, "फळीवर मात्र पुन्हा नाही मांडायचं. पुढच्या वर्षी सीतादही फाटकाशी, सगळ्यांनी मिळून. दहीभात माझ्या घरून येईल."

झुंबरबाईच्या छातीतून असा श्वास सुटला, की मागच्या विमलबाईला ऐकू गेला. तेवढ्यात फाटकाशी मोटारीचा भोंगा वाजला. शेठजी आले.

शेठजी वाईट माणूस नव्हते. पण मुहूर्ताच्या दिवशी प्रसादाचे पेढे घेऊन यावं आणि अंगणात पिंजाऱ्याचं दुकान मांडलेलं दिसावं, तर देवमाणूसही तापेल. "हे काय आहे, बिडवई? वॅगन रिकामी उभी, रेचे बंद, गाठी फोडल्या? कोणी फोडल्या?"

"मी फोडायला लावल्या. ठिणगीचा संशय होता."

"निघाली?"

"नाही."

"संशय कोणाला आला? नाव सांगा."

रंगरावांनी तोंड उघडलं. नीळकंठराव त्यांच्याकडं न बघताच म्हणाले, "हुकूम माझा होता, शेठजी. जे विचारायचं ते मला विचारा." हे ते मालकाला म्हणत होते, ज्याच्या एका शब्दावर त्यांची स्वतःची नोकरी होती. रंगरावांनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं, आणि ह्या माणसानं आयुष्यात केलेली ती एक चांगली गोष्ट असं मी म्हणेन.

झुंबरबाई बायकांच्या घोळक्यात मागं उभी होती. तिथंच उभी राहिली असती तर कोणी तिच्याकडं पाहिलं नसतं. काम शाबूत होतं, साहेबांनी अंगावर घेतलं होतं. पण कोणी आपल्यासाठी बोलणी खावीत आणि आपण पदराआड लपावं, हे काही त्या भित्र्या बाईला जमेना. विमलबाईनं पदर धरला, तो सोडवून ती पुढं आली.

"म्या सांगतलं, शेठजी. माह्या रेच्यात खडा गेला. माहीच चुकी. साहेबाची नाई."

शेठजींनी तिला खालून वर पाहिलं. रागापेक्षा त्यांना नवल जास्त वाटलं असावं. मागच्या आगीत ह्याच बायका त्यांच्यासमोर मुक्यासारख्या उभ्या होत्या. ते म्हणाले, "एक सांग बाई मला. तू बोलली नसती तर कोणाला कळलं नसतं. गोदाम जळलं असतं तर माझं जळलं असतं. तुझं काय जात होतं?"

झुंबरबाईला राग आला. खरंच आला. दिवसभराची भीती त्या रागात विरघळली आणि तिचं माहेरचं फटकळ तोंड सुटलं.

"माहं काय जात होतं? असं कसं बोलता, शेठजी? तुमचं अकोल्यातबी जिन हाय, खामगावातबी हाय. आमचं हे एकच हाय!"

गाडीच्या ड्रायव्हरनंसुद्धा मान बाहेर काढली. शेठजींनी तिच्याकडं पाहिलं, मग मागच्या तेवीस जणींकडं, मग ढिगावर उभ्या असलेल्या रुईनं माखलेल्या आपल्या मॅनेजरकडं. मग त्यांनी पेढ्यांची टोपली ड्रायव्हरकडून घेतली, पुढं होऊन एक पेढा झुंबरबाईच्या हातावर ठेवला आणि रंगरावांना म्हणाले, "वॅगन उद्याची घ्या. रुई आत भरा, दव पडायच्या आधी."

लगेच हाका सुरू झाल्या. चादरी आल्या, पाट्या आल्या, बायकांनी रुईचे भारे उचलले. झोपडीतली बाळंतीण लेकरू पोटाशी धरून परत आली आणि उंबऱ्याशी टेकली. झुंबरबाई मात्र पेढा मुठीत धरून तिथंच ढिगाशी खाली बसली आणि सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं रडं तिनं मोकळं सोडलं.

विमलबाईनं भारा खाली टाकला. "आता काऊन रडून राह्यली वं बह्याडे? झालं ना सगयं चांगलं!"

"झालं," झुंबरबाई नाक पुसत म्हणाली. "उद्याबी कामाले याचं हाय ना, माय, म्हणून."